पाटी बदला, गाडी तीच!
(वेबपानांचा साचा आणि प्रत्येक पानाची ओळख)

नारायणगावच्या एसटी स्टँडवर कधीतरी पाच मिनिटं नुसते उभे राहा. लाल गाड्या येतात, लाल गाड्या जातात. सगळ्यांची बाकं तशीच, खिडक्या तशाच, खडखडाटही तसाच. जणू एकाच मापानं बांधलेल्या. मग जुन्नरला कोणती जाणार आणि मंचरला कोणती, हे कसं कळतं? पाटीवरून! गाडी सगळ्यांची सारखी, पाटी मात्र ज्या त्या फेरीची. पाटी न बघता चढलात तर ओझरला जायचं ते घोडेगावला पोचाल, आणि कंडक्टर वर चार शब्द ऐकवेल ते वेगळेच.

आता तुम्ही म्हणाल, लेख संगणकाचा आणि हा एसटीचं काय सांगतोय? पण ही उपमा माझी नाही. ती दिली आमच्या टेलिफोन ऑपरेटर काकांनी. आमच्या दोन महिन्यांच्या प्रोजेक्टची चूक त्यांनी या एका वाक्यात दाखवून दिली. त्याचीच ही गोष्ट.

बेचाळीस पानांचा उद्योग

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची माहिती देणारी वेबसाइट करायला घेतली. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर, खोडदची दुर्बीण, डिंभे धरण, मंचरचा बाजार, पश्चिमेकडच्या डोंगरातला हिरडा अशी एकूण बेचाळीस पानं. बहुतेक मराठीत, काही इंग्रजीत.

पहिल्यांदा आम्ही काय केलं? तेच, जे सगळे करतात. एक पान नीट बनवलं आणि कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट! रात्री अडीच वाजता चहा पिऊन बेचाळीस पानं तयार. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मेनूत 'संपर्क' टाका." झालं! एका शब्दासाठी बेचाळीस फायली उघडायच्या. त्यातल्या तीन राहूनच गेल्या, आणि नेमक्या त्याच सरांनी उघडल्या.

मग शहाणपण सुचलं. वरचा भाग आणि खालचा भाग वेगळ्या फायलींत काढला आणि प्रत्येक पानात तो नुसता जोडून घेतला. यालाच साचा म्हणजे टेम्प्लेट म्हणतात. आता मेनू एका ठिकाणी बदलला की बेचाळीस पानांत बदलतो. आम्ही खूष. डेमोत टाळ्याही पडल्या.

पण पानाचा वरचा भाग साच्यात टाकताना आम्ही त्याच्याबरोबर आणखी काय काय टाकलं, याचा विचार कुणीच केला नव्हता.

काका काय म्हणाले

आमचे ऑपरेटर काका दृष्टिहीन आहेत. मूळ मंचरकडचे. त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतं. फुकट मिळतं, बरं का! मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते सुरू केलं आणि पहिली आवृत्ती २००६ साली आली. काकांनी त्यावर मराठी आवाजही बसवून घेतलाय.

आम्ही मोठ्या ऐटीत काकांना म्हटलं, "काका, तुमच्या तालुक्याची साइट केलीय. बघा ना, म्हणजे... ऐका ना!"

काकांनी हेडफोन लावला. एक पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. कपाळाला आठी. मग हेडफोन काढून म्हणाले, "अरे पोरांनो, तुम्ही सगळ्या गाड्यांना एकच पाटी लावलीय. मी शिवनेरीत बसलो की डिंभ्यात, कळायचं कसं? आणि तुमचा तो कंडक्टर इंग्रजीत बोलतोय. मराठी वाचायला लागला की अडखळतो नाहीतर गप्पच बसतो."

आम्ही कोड उघडून बघितला आणि काका अक्षरशः खरं बोलत होते. साच्यात शीर्षक एकच होतं, 'जुन्नर-आंबेगाव दर्शन'. ते बेचाळीस पानांना लागलं होतं. पान उघडल्यावर एनव्हीडीए सर्वांत आधी शीर्षक वाचतं, म्हणून काकांना प्रत्येक वेळी तेच ऐकू येत होतं. आणि सगळ्यात वर, एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये, भाषा 'इंग्रजी' लिहिलेली! कुठल्यातरी तयार नमुन्यातून आम्ही ती ओळ उचलली होती आणि तिचा अर्थ काय हे विचारलंच नव्हतं. काकांच्या संगणकावर मराठी आवाज होता. पण पानच सांगत होतं, "मी इंग्रजी आहे." म्हणून सॉफ्टवेअर इमानदारीत इंग्रजी आवाज लावत होतं.

आम्हाला डोळ्यांनी सगळं व्यवस्थित दिसत होतं. म्हणूनच दोन महिन्यांत चौघांपैकी एकालाही चूक सापडली नव्हती.

ॲट्रिब्यूट म्हणजे काय?

इतर शाखांच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

वेबपान टॅगांचं बनलेलं असतं. हा परिच्छेद, हे चित्र, ही कडी अशा खुणा म्हणजे टॅग. त्या टॅगला जोडून दिलेली जादा माहिती म्हणजे ॲट्रिब्यूट. गाडी हा टॅग धरला तर पाटी हे ॲट्रिब्यूट. पानाच्या पातळीवर पुढच्या गोष्टी महत्त्वाच्या:

१) लँग (एल-ए-एन-जी) : एचटीएमएल टॅगवरचं ॲट्रिब्यूट, पानाची भाषा सांगतं. मराठीसाठी एम-आर, हिंदीसाठी एच-आय, इंग्रजीसाठी ई-एन.

२) क्लास आणि आयडी : बॉडी टॅगवर दिले की हे पान कोणत्या विभागातलं आणि नेमकं कोणतं, ते कळतं. त्यावरून रंग, मांडणी, मेनूतली खूण ठरवता येते.

३) शीर्षक : खरं तर हा ॲट्रिब्यूट नाही, स्वतंत्र टॅग आहे. पण दुखणं तेच, म्हणून इथेच घेतो.

गंमत अशी, की हे तिन्ही पानाच्या अगदी वरच्या भागात असतात. आणि साच्यात आपण नेमका तोच भाग टाकतो! म्हणजे जे सगळ्यांचं ते आणि जे ज्याचं त्याचं ते, दोन्ही एकाच फायलीत येऊन बसतात. खरी अडचण इथे आहे.

जागा साच्यानं सोडायची, भरायची पानानं

उपाय सोपा आहे. लग्नपत्रिकेचा छापील नमुना आठवा. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' छापलेलं असतं, पुढे रेघ मोकळी. नमुना छापणाऱ्याला नवरा-नवरी माहीत नसतात, पण नाव कुठे येणार हे माहीत असतं. साच्यानंही तेवढंच करायचं.

आमच्या मराठी विभागात रोमन अक्षर छापायचं नाही असा संपादकांचा दंडक आहे. म्हणून खालचा कोड देवनागरीत लिहिलाय. संगणकावर अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहा, नाहीतर मला शिव्या द्याल!

साच्याची फाइल:

<एचटीएमएल लँग="[भाषा]">
<टायटल>[शीर्षक] – जुन्नर-आंबेगाव दर्शन</टायटल>
<बॉडी क्लास="[विभाग]" आयडी="[पान]">

नाणेघाटच्या पानाची फाइल:

भाषा = एमआर
शीर्षक = नाणेघाट
विभाग = जुन्नर
पान = नाणेघाट
(आता साचा जोडा)

बस्स, एवढंच! चौकटी कंसातल्या जागा म्हणजे व्हेरिएबल. पान आधी आपल्या चार ओळी सांगतं, मग साच्याला हाक मारतं. मेनू, चिन्ह, तळटीप अजूनही एकाच ठिकाणी आहे. फक्त पाटी पानाची झाली.

शीर्षकात पानाचं नाव आधी आणि साइटचं नंतर आलंय, हे लक्षात घ्या. ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दातच कळतं, पुढचं ऐकत बसावं लागत नाही. आणि डोळस माणसानं ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले, तर अरुंद टॅबवर पहिला शब्दच तर दिसतो.

बॉडीच्या क्लासचा फायदा असा. स्टाइलशीटमध्ये एकदाच लिहायचं, की बॉडीचा क्लास 'जुन्नर' असेल तर मेनूतल्या 'जुन्नर'खाली रेघ दे, 'आंबेगाव' असेल तर त्याच्याखाली. मेनू सगळीकडे तोच, पण आपण कुठे आहोत ते दिसतं. फक्त ही रेघ काकांना दिसत नाही. त्यांच्यासाठी मेनूतल्या चालू पानाच्या कडीवर 'एरिया-करंट' हे ॲट्रिब्यूट द्यायचं. मग सॉफ्टवेअर त्या कडीशी 'हे चालू पान' असं सांगतं. ते कोणत्या कडीला लावायचं, हेही साचा पानाच्या नावावरूनच ठरवू शकतो.

विकिपीडियावर जाऊन बघा

आमच्या गावठी प्रयोगावर विश्वास नसेल तर मोठ्या घरचं उदाहरण घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावरचा 'जुन्नर' हा लेख उघडा आणि कंट्रोल धरून यू दाबा. पानाचा कोड दिसेल. घाबरू नका, फक्त दोन ओळी शोधा.

पहिली, एचटीएमएल टॅगची. तिथे लँगची किंमत एम-आर दिसेल. दुसरी, बॉडी टॅगची. तिथल्या क्लासच्या लांबलचक यादीत 'पेज' या शब्दाला जोडून चक्क देवनागरीत 'जुन्नर' लिहिलेलं सापडेल! दुसरा कुठलाही लेख उघडा, त्याच जागी त्या लेखाचं नाव असेल. नावात दोन शब्द असतील तर मधल्या मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ. मग इंग्रजी विकिपीडियावर जुन्नरचा लेख उघडा. यंत्रणा तीच, पण लँगमध्ये ई-एन आणि क्लासमध्ये रोमन नाव.

इतके सारे लेख काय कुणी हातानं बनवत बसलंय? साचा एक, जागा ठरलेल्या, भरणारं प्रत्येक पान. लिहिणाऱ्या माणसाला तर यातलं काही माहीतही नसतं. तो लेखाला नाव देतो, बाकी यंत्रणा करते. साचा चांगला असला की लेखकाला पाटीची आठवण ठेवावी लागत नाही.

एम-आरची करामत : 'ल' आणि 'श'

भाषा सांगणं फक्त काकांसाठीच आहे असं समजू नका. डोळसांसाठीही त्यात गंमत आहे.

शाळेत आपण पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' गिरवला. हिंदी पुस्तकात हीच अक्षरं वेगळ्या वळणाची असतात. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी देवनागरी वर्णमाला प्रमाणित केली, आणि मराठी वळणाचा हा आग्रह त्यामागे आहे. पण संगणकाच्या दृष्टीनं मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा युनिकोड क्रमांक एकच! मग कोणतं वळण काढायचं हे फाँटला कसं कळणार?

भाषेवरून. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फाँटांत दोन्ही वळणं ठेवलेली असतात. पानानं 'मी मराठी' असं सांगितलं की ब्राउझर ते फाँटला कळवतो आणि फाँट मराठी वळण काढतो. सांगितलं नाही तर सहसा हिंदी वळण येतं. म्हणजे आमच्या पानावर 'शिवनेरी'चा श आणि 'लेण्याद्री'चा ल दोन्ही परक्या वळणाचे दिसत होते, आणि कारण होतं साच्यातला दोन अक्षरांचा एक शब्द! आम्ही फाँट बदलून बदलून थकलो होतो.

उच्चाराचंही तसंच. 'माझा' आणि 'झेंडा' यांतला झ आपण वेगवेगळा म्हणतो. हिंदी आवाजाला तो फरक माहीत नसतो. मराठी पानाला एच-आय लावलं तर तो वाचेल जरूर, पण ऐकणाऱ्याचे कान दुखतील.

आम्ही केलेल्या चुका (तुम्ही करू नका)

पाटी लावायची हे कळल्यावरही आम्ही ठेचा खाल्ल्याच. त्या लिहून ठेवतो.

गाडी सुटल्यावर पाटी. एका मित्रानं आधी साचा जोडला आणि मग खाली चार ओळी लिहिल्या. पीएचपी वरून खाली वाचत जातं. साचा छापून झाला तेव्हा व्हेरिएबल रिकामेच होते. आधी पाटी, मग गाडी.

मागच्या फेरीची पाटी. नंतर आम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी एकामागून एक बेचाळीस पानं तयार करायची. खोडदचं इंग्रजी पान झालं आणि त्याच्यानंतर डिंभ्याचं आलं. डिंभ्याच्या पानात भाषा लिहायची राहिली होती, तर आधीची 'इंग्रजी' तशीच चिकटली. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सगळे व्हेरिएबल पुसून घ्या.

न लिहिल्यास काय? साच्यात ठरीव किंमत ठेवा, पण विचार करून. साइट मुख्यतः मराठी असेल तर भाषेची ठरीव किंमत एम-आर. शीर्षकाला मात्र ठरीव किंमत देऊच नका. शीर्षक नसेल तर स्क्रिप्टनं ओरडून थांबायला हवं. खोटी पाटी लावून गाडी सोडण्यापेक्षा ती डेपोत उभी राहिलेली बरी.

अवतरणचिन्हाचा घोटाळा. ॲट्रिब्यूटची किंमत दुहेरी अवतरणात असते. किंमतीतच दुहेरी अवतरण आलं तर ब्राउझरला वाटतं किंमत संपली, आणि पुढचा सगळा मजकूर विस्कटतो. बाहेरून आलेली कोणतीही किंमत साच्यात भरण्याआधी अशी चिन्हं सुरक्षित रूपात बदलून घ्या. पीएचपीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. हे केलं नाही तर कुणी खोडसाळ माणूस त्या वाटेनं तुमच्या पानात स्वतःचा कोडही घुसवू शकतो.

मोकळी जागा. क्लासमध्ये 'डिंभे धरण' लिहिलं तर ते एक नाव राहत नाही, दोन क्लास होतात. मध्ये रेघ द्या.

दिसण्यावरून नाव. आम्ही आंबेगावच्या पानांना 'हिरवं' असा क्लास दिला होता, कारण रंग हिरवा. पुढे रंग निळा केला आणि निळ्या पानाचा क्लास 'हिरवं'! नाव नेहमी ओळखीवरून द्या. आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, तरी तालुका आंबेगावच म्हणवतो. रूप बदलतं, ठिकाण बदलतं. नाव टिकतं ते ओळखीचं.

साधन कोणतंही घ्या

हे सगळं करायला पीएचपीच हवं असं नाही. २००२ च्या ड्रीमवीव्हर एमएक्समध्ये साच्यातलं एखादं ॲट्रिब्यूट 'पानाला बदलता येईल' असं ठरवायची सोय आली. २००५ च्या एएसपी डॉट नेट २.० मध्ये मास्टर पेज आली. त्याच वर्षी खुल्या झालेल्या जँगोत साच्यामध्ये 'ब्लॉक' ठेवतात आणि पान तो भरतं. वर्डप्रेसनं २००९ च्या २.८ आवृत्तीत बॉडीचे क्लास आपोआप देणारं फंक्शन दिलं. २००८ पासूनच्या जेकिलमध्ये आणि तशा इतर साधनांत पानाच्या डोक्यावरच दोन रेघांमध्ये या चार ओळी लिहितात. नावं वेगळी, तत्त्व एकच.

एक मोह टाळा. पान उघडल्यावर जावास्क्रिप्टनं ॲट्रिब्यूट बदलायचा. चालतं ते, पण गाडी रस्त्याला लागल्यावर खिडकीतून पाटी बदलण्यासारखं आहे. स्क्रिप्ट अडली तर पाटी चुकीचीच राहते. सर्व्हरवरून निघतानाच पाटी बरोबर असू द्या.

आणि शेवटी

हे काही आमचं फॅड नाही. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून डिसेंबर २००८ मध्ये डब्ल्यूसीएजी २.० हे निकष आले. त्यात पानाला अर्थपूर्ण शीर्षक आणि पानाची भाषा या दोन्ही गोष्टी अगदी पहिल्या पातळीवर आहेत. म्हणजे किमान एवढं तरी कराच! पानातला एखादा तुकडा दुसऱ्या भाषेत असेल तर त्या तुकड्याची भाषा सांगणं दुसऱ्या पातळीवर.

ही दुसरी पातळीही काकांनीच शिकवली. दुरुस्त साइट त्यांना पुन्हा ऐकवली. "शिवनेरी", "नाणेघाट", "मंचर" अशी पाटी प्रत्येक पानाला लागली होती, आणि मराठी मराठीतच ऐकू येत होतं. काका खूष झाले. मग खोडदची माहिती निघाली. तीस अँटेना, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, सगळं ठीक. आणि मध्येच एक इंग्रजी परिच्छेद आला आणि मराठी आवाजानं त्याची पार वाट लावली. काका हसायला लागले, "आता उलटं झालं की रे!" तेवढ्या परिच्छेदाच्या टॅगवर लँग ई-एन लावलं आणि तोही प्रश्न मिटला.

तर मित्रहो, आज रात्री जेवण झाल्यावर आपापलं मिनी-प्रोजेक्ट उघडा. कोणतीही दोन पानं घ्या, कंट्रोल-यू दाबा आणि पहिल्या दहा ओळी शेजारी ठेवून वाचा. भाषा खरी आहे का? शीर्षक वेगळं आहे का? बॉडीवर पानाचं नाव आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर छान. नसेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि झालं की काकांच्या टेबलाशी जा. दुपारी दोननंतर फोन कमी असतात, तेव्हा ते आनंदानं ऐकतात. फक्त एकदम दहा जण जाऊ नका!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी